मोदेनाचे कॅथेड्रल आणि गिर्लांदिना

गिर्लांदिना हा उत्तर इटलीतल्या मोदेना शहराचा घंटेचा मनोरा. उंची ८६ मीटरांहून किंचित अधिक. पो नदीचे खोरे तळहातासारखे सपाट असल्यामुळे शहराच्या आधी हा मनोराच नजरेस पडतो: फिकट दगडाचा चौकोनी देह, त्यावर अष्टकोनी भाग आणि टोकाला निमुळते शिखर. शिखराला संगमरवरी कठड्यांची दोन कडी आहेत. खालून पाहिले तर ती फुलांच्या माळांसारखी वाटतात. माळेला इटालियन भाषेत ‘गिर्लांदा’ म्हणतात. त्यावरून लाडाने ‘गिर्लांदिना’, म्हणजे छोटीशी माळ. एवढ्या अवाढव्य बांधकामाला लोकांनी घरातल्या लेकीला ठेवावे तसे नाव ठेवले आहे. मनोऱ्याला खेटून शहराचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च उभे आहे आणि कॅथेड्रलच्या दक्षिण अंगाला पियाझ्झा ग्रांदे हा मोठा चौक आहे. कॅथेड्रल, मनोरा आणि चौक या तिघांना मिळून १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

कॅथेड्रल बांधायला काढले ते १०९९ साली, आणि कोणी काढले हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. चौथ्या शतकात मोदेनाचे बिशप असलेले संत जेमिनियानो हे शहराचे रक्षक संत मानले जातात. त्यांच्या समाधीवरचे जुने चर्च मोडकळीला आले होते. कॅथेड्रल उभारणे हे खरे तर बिशपचे काम. पण त्या वेळी पोप आणि सम्राट यांच्यातला संघर्ष पेटलेला होता आणि मोदेनात रीतसर बिशपच नव्हता. तेव्हा धर्मगुरू आणि नागरिक एकत्र बसले आणि जुने पाडून नवे बांधायचे असे त्यांनीच ठरवले. या भागावर सत्ता होती कानोसाच्या मातिल्दा या पराक्रमी सरदारीणबाईंची. त्यांचा पाठिंबा मिळाला, पण पुढाकार शहराचा राहिला. इटलीतली शहरे हळूहळू आपला कारभार आपल्या हाती घेऊ लागली होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. आज कॅथेड्रलभोवती फिरताना हे लक्षात ठेवले, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

बांधकामाची हकिकत सांगणारी एक जुनी लॅटिन बखर मोदेनात जपून ठेवलेली आहे. तिची तेराव्या शतकातली सचित्र प्रत उपलब्ध आहे. तिच्या चित्रांत हातात काठी घेतलेला माणूस मजुरांना काम सांगताना दिसतो; पाया खणणारे आणि विटा वाहणारे मजूर त्याच्याहून लहान काढले आहेत. तो माणूस म्हणजे वास्तुकार लानफ्रांको. ज्या काळात बांधणाऱ्यांची नावे सहसा कोणी लिहून ठेवत नसे, त्या काळात लानफ्रांकोचे नाव बखरीतही आहे आणि कॅथेड्रलच्या मागच्या भिंतीवर कोरलेल्या लेखातही आहे.

काम सुरू झाले आणि दगड संपला. मोदेनाच्या आसपास डोंगर नाही, खाण नाही. नद्यांनी आणून टाकलेली माती तेवढी आहे. बखर म्हणते की देवाच्या कृपेने जमीन खणताना संगमरवराचे साठेच्या साठे सापडले. त्या कृपेचा इतिहास असा. मोदेनाच्या जागी इसवी सनापूर्वी १८३ मध्ये रोमनांनी मुतिना नावाची वसाहत स्थापली होती. रोमन साम्राज्य ढासळल्यावर पुरामागून पूर आले आणि मुतिना गाळाखाली कित्येक मीटर खोल गाडले गेले. बाराव्या शतकातले गवंडी खणत गेले आणि त्यांच्या पायाखालून एक आख्खे शहर वर येऊ लागले: खांब, थडग्यांचे दगड, मूर्तींचे तुकडे, दगडी सिंह. त्यांनी विटांच्या भिंती रचल्या आणि बाहेरून हा रोमन दगड चढवला. म्हणूनच आज भिंतीजवळ जाऊन पाहिले की शेजारशेजारच्या दोन दगडांचा रंग जुळत नाही. एक पांढरा, एक राखाडी, तिसरा गुलाबी. मधूनच एखाद्यावर जुन्या लॅटिन अक्षरांच्या किंवा नक्षीच्या खुणा. मुख्य दाराचे खांब पाठीवर पेलणारे दोन सिंहही रोमन काळातले आहेत.

लानफ्रांकोची रचना साधी, पण पक्की बांधलेली आहे. चारही बाजूंनी मध्यम उंचीवर एक छोटा सज्जा धावतो. त्यात तीन-तीन लहान कमानी आणि त्या तिघींना कवेत घेणारी एक मोठी कमान, हीच जोडणी दर्शनी भिंतीपासून मागच्या अर्धगोल टोकापर्यंत पुन्हापुन्हा येते. ओवीच्या चरणासारखी ही आवर्तने साऱ्या इमारतीला एका लयीत बांधून ठेवतात.

दर्शनी भिंतीवर डावीकडे एक शिलालेख आहे. दोन दाढीवाले पुरुष दोन्ही बाजूंनी तो धरून उभे आहेत: एनोख आणि एलिया. बायबलप्रमाणे या दोघांना मरण आले नाही, ते सदेह स्वर्गात गेले. लेखात पायाभरणीची तारीख आहे, ९ जून १०९९. आणि शेवटी विलिजेल्मो या शिल्पकाराला उद्देशून म्हटले आहे की शिल्पकारांमध्ये तुझा मान किती मोठा, हे तुझे कामच आता दाखवून देत आहे. ज्यांना मरण नाही अशा दोघांच्या हाती कारागिराचे नाव सोपवावे, हा विचार ज्याला सुचला त्याला आपल्या कामाचे मोल कळलेले होते. युरोपातल्या मध्ययुगीन शिल्पकलेत स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या मोजक्या कलावंतांत विलिजेल्मो येतो.

त्याच भिंतीवर त्याच्या हातच्या चार लांबट उठावशिल्पांत जगाच्या उत्पत्तीची कथा आहे. वाचन डावीकडून सुरू होते: आदाम आणि एवा यांची निर्मिती, निषिद्ध फळ, स्वर्गोद्यानातून हकालपट्टी, काइन आणि हाबेल, शेवटी नोहाचे तारू. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यासाठी हा दगडी ग्रंथ होता. पण विलिजेल्मोचे मोठेपण गोष्ट सांगण्यापेक्षा माणसे घडवण्यात आहे. फळ खाताना आदाम आणि एवा लाजेने एका हाताने पान धरून उभे आहेत. स्वर्गातून हाकलले जाताना दोघांचे हात गालाला लागलेले आहेत. घर सुटलेल्या कोणाही माणसाने जसा गालाला हात लावावा तसेच. पुढच्याच दृश्यात दोघे अंगभर कपडे घालून, कमरेत वाकून कुदळीने जमीन खणत आहेत. ती मोदेनाच्या शेतातली माणसे आहेत. अंग बुटके, हातपाय जाड, डोके थोडे मोठे. त्यांच्या शरीराचा भार खांद्यावर आणि पोटरीवर पडलेला कळतो. नोहाचे तारू तर नावेऐवजी कमानी असलेल्या चर्चसारखे दिसते आणि त्याच्या खिडक्यांतून दोन चेहरे डोकावत आहेत.

ही हातोटी विलिजेल्मोने कुठून आणली, त्याचा पुरावा भिंतीवरच आहे. उलटी मशाल घेऊन उभी असलेली पंखवाली बाळे त्याने कोरली आहेत. तशी बाळे रोमन शवपेट्यांवर असत. उलटी मशाल ही विझलेल्या आयुष्याची खूण. जमिनीतून निघालेले रोमन दगड त्याने समोर ठेवून निरखले असणार. म्हणजे गाडलेल्या मुतिनाने मोदेनाला बांधकामाचा दगड पुरवला आणि शिल्पकाराला शिक्षणही दिले.

उत्तरेकडच्या दाराला ‘पोर्ता देल्ला पेस्केरिया’ म्हणतात, म्हणजे मासळीबाजाराचे दार. जवळच मासळीबाजार भरत असे. दाराच्या आतल्या बाजूंवर वर्षाचे बारा महिने कोरलेले आहेत आणि प्रत्येक महिन्याला त्याचे काम आहे: कुठे पिकाची कापणी, कुठे द्राक्षांतून रस काढणे. कमानीवर मात्र वेगळीच नवलाई आहे. मध्ये एक किल्ला, त्यात कोंडलेली स्त्री आणि दोन्ही बाजूंनी तिला सोडवायला घोड्यावरून निघालेले भालाईत वीर. प्रत्येकाचे नाव डोक्यावर कोरले आहे आणि त्यात ब्रिटनच्या आर्थर राजाचे नाव आहे. आर्थरच्या कथा फ्रेंच कवींनी बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध केल्या, तर हे दार त्याच शतकाच्या पूर्वार्धातले मानले जाते. म्हणजे पोथीत नीट उतरण्याआधीच ही गोष्ट यात्रेकरू, सैनिक आणि गाणारे यांच्या तोंडून आल्प्स ओलांडून मासळीबाजारापर्यंत पोचली होती. त्याच दाराच्या आडव्या पट्टीवर कोंबडे एका कोल्ह्याची अंत्ययात्रा काढताना दिसतात. चर्चच्या दारावर राजाही आहे आणि कोल्हाही.

दक्षिणेकडच्या ‘पोर्ता देई प्रिंचिपी’ या दारावर संत जेमिनियानोंच्या चरित्रातले प्रसंग आहेत. सम्राटाच्या मुलीला बरे करण्यासाठी ते समुद्र ओलांडून जातात, अशी कथा. दुसऱ्या महायुद्धात मे १९४४ मधल्या बॉम्बहल्ल्यात हे दार फुटले. तुकडे गोळा करून ते पुन्हा जोडण्यात आले.

११०६ मध्ये संतांच्या अस्थी नव्या तळघरात आणल्या गेल्या. शवपेटी उघडायची की नाही, यावरून धर्मगुरू आणि लोक यांच्यात एकमत होईना. पोप दुसरे पास्काल येईपर्यंत थांबायचे ठरले आणि तोवर पहाऱ्यासाठी सहा सरदार आणि बारा सामान्य नागरिक नेमले गेले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पोप आणि मातिल्दा यांच्यासमोर पेटी उघडली गेली आणि वेदीला अभिषेक झाला. पहारेकऱ्यांत सरदारांपेक्षा नागरिक दुप्पट होते, ही नोंद बखरकाराने आवर्जून केली आहे. पूर्ण कॅथेड्रलचा अभिषेक मात्र ११८४ मध्ये पोप तिसरे लुचियो यांच्या हस्ते झाला.

आत शिरल्यावर बाहेरचा पांढरा उजेड मागे राहतो आणि तांबूस विटांचा अंधार भेटतो. छत मुळात लाकडी होते. पंधराव्या शतकात त्या जागी विटांचे कमानदार छत आले. समोर काही पायऱ्यांवर वेदीची जागा उंच केलेली आहे आणि तिच्याखाली तळघर उघडते. या दोहोंच्या सीमेवर एक रंगवलेली संगमरवरी भिंत आडवी गेली आहे. तिच्यावर येशूच्या शेवटच्या भोजनाची, शिष्यांचे पाय धुण्याची, यहूदाच्या चुंबनाची दृश्ये आहेत. हे काम आन्सेल्मो दा काम्पियोने आणि त्याच्या मंडळींचे.

काम्पियोने हे लुगानो सरोवराकाठचे छोटे गाव. तिथल्या शिल्पकारांची घराणीच्या घराणी मोदेनात काम करत राहिली: बापाचे काम मुलाने, मुलाचे नातवाने उचलले. १२४४ मधल्या एका करारात हे वंशपरंपरेचे काम कागदावर आले आहे. उन्हाळ्यात रोजी जास्त, हिवाळ्यात कमी. दिवस मोठा तर काम मोठे, असा साधा हिशेब. दर्शनी भिंतीवरचे मोठे वर्तुळाकार गवाक्ष आणि चौकाकडे तोंड असलेले गुलाबी दगडाचे राजद्वार त्यांनीच घडवले.

तळघरात संतांची समाधी आहे, पण पाहणाऱ्याने तिथल्या आणखी एका गोष्टीसाठी वेळ ठेवावा. ग्विदो मात्सोनी या मोदेनाच्याच मूर्तिकाराने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात भाजलेल्या मातीच्या काही मूर्ती केल्या. मारिया बाळ येशूला घेऊन बसली आहे, भक्त जोडपे गुडघे टेकून आहे आणि बाजूला एक दासी बाळासाठी पेज घेऊन आली आहे. पेज गरम आहे. दासी ओठांचा चंबू करून त्यावर फुंकर घालते आहे. मोदेनाचे लोक या मूर्तिसमूहाला ‘पेजेची मारिया’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. संतांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर कोणा मूर्तिकाराने देवाच्या बाळाला भूक लागलेली दाखवावी आणि लोकांनी ती फुंकरच लक्षात ठेवावी, यात या शहराचा स्वभाव पुरा दिसतो.

गिर्लांदिना कॅथेड्रलची घंटा वाजवत असली, तरी ती नुसती चर्चची कधीच नव्हती. तिचे अधिकृत नाव ‘तोर्रे चिविका’, म्हणजे नगराचा मनोरा. चौकोनी मजले बाराव्या शतकापासून चढत गेले. वरचा अष्टकोन आणि शिखर एन्रिको दा काम्पियोने याने १३१९ मध्ये पुरे केले. भक्कम भिंतींच्या आड शहराचा खजिना आणि महत्त्वाचे दस्तऐवज ठेवले जात. वरच्या दालनात पहारेकरी राहत. वेशीची दारे उघडण्याची आणि मिटण्याची वेळ घंटेने कळे. आग लागली वा शत्रू दिसला की घंटेचा सूर बदले. सुमारे २०० पायऱ्या चढून आजही त्या ‘तोर्रेझानीं’च्या, म्हणजे मनोरेकऱ्यांच्या दालनात जाता येते. जिना भिंतीला धरून वर जातो. दालनात कोरीव स्तंभशीर्षे आहेत. एकावर वाद्य वाजवणारा डेव्हिड राजा आहे, दुसऱ्यावर न्यायाधीश. खिडकीतून लाल कौलांचे शहर आणि पलीकडची शेती दिसते. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला आपेनाइन डोंगरांची रांगही.

मनोऱ्याच्या आतल्या एका खोलीत एक लाकडी पोहरा ठेवलेला आहे. मोदेना आणि शेजारचे बोलोन्या यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. १५ नोव्हेंबर १३२५ रोजी झाप्पोलिनोच्या लढाईत मोदेनाने बोलोन्याला पळवून लावले आणि थेट त्यांच्या वेशीपर्यंत धडक मारली. परतताना तिथल्या विहिरीवरचा पोहरा विजयाची खूण म्हणून उचलून आणला. पुढे लोकांनी गोष्ट उलटी सांगितली, की पोहऱ्यावरूनच युद्ध पेटले. मोदेनाचे कवी आलेस्सांद्रो तास्सोनी यांनी १६२२ मध्ये छापलेल्या ‘ला सेक्किया रापिता’ या विनोदी महाकाव्याने ती अजरामर केली. इटालियनमध्ये सेक्किया म्हणजे पोहरा. मनोऱ्यातला पोहरा प्रतिकृती आहे. जुना चौकातल्या नगरपालिकेच्या राजवाड्यात सांभाळलेला आहे. तास्सोनींचा पुतळा मनोऱ्यासमोर उभा आहे.

मनोरा सरळ नाही. तो कॅथेड्रलच्या बाजूला झुकलेला आहे, हे चौकातून नीट पाहिले की कळते. दोष बांधणाऱ्यांचा नाही, जमिनीचा आहे. ज्या गाळाने मुतिना गिळले त्याच मऊ मातीवर हे दोन्ही डोलारे उभे आहेत. भार वाढत गेला तशी माती दबत गेली, एका बाजूला जरा जास्त. झुकाव बांधकाम चालू असतानाच जाणवला होता, म्हणून वरचे मजले रचताना तोल सावरण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. कॅथेड्रलही जागोजागी खचले आहे आणि आतल्या कमानींच्या रेषा कलल्या आहेत. दोन इमारतींच्या मधल्या अरुंद गल्लीवरून दोन कमानी जातात आणि त्यांना एकमेकींशी जोडतात. २०१२ च्या मे महिन्यात एमिलिया प्रांतात मोठे भूकंप झाले, अनेक जुने मनोरे कोसळले. मोदेनाच्या कॅथेड्रलला तडे गेले, पण मनोरा आणि ते दोघेही टिकले. त्याआधी काहीच वर्षे गिर्लांदिनाच्या दगडांची मोठी दुरुस्ती झाली होती. तेव्हाच्या परांचीवर चित्रकार मिम्मो पालादिनो यांनी रंगवलेले प्रचंड आवरण चढवले होते.

चौकात कॅथेड्रलच्या मागच्या अर्धगोल भिंतीवर काही आकृत्या खोदलेल्या आहेत, त्या सहज नजरेतून सुटतात. ती मोदेनाची जुनी मापे आहेत: जमीन मोजायची काठी, कापडाचा हात, कौल आणि वीट. बाजारात कोणाला मापाबद्दल शंका आली, तर त्याने चर्चच्या भिंतीशी येऊन ताडून पाहावे. देवासमोर खोटे माप चालणार नाही, ही हमी दगडात होती. जवळच लाल संगमरवराची एक लांबच लांब शिळा आहे, ‘प्रेदा रिंगादोरा’. तिच्यावर उभे राहून वक्ते भाषण करत. कर्ज बुडवणाऱ्याची फजिती आणि अनोळखी प्रेताची ओळख पटवण्याचे कामही तिथेच होई.

मनोऱ्याच्या पायथ्याशी भिंतीवर अनेक छोटी छायाचित्रे आहेत. फॅसिस्ट आणि नाझी सत्तेविरुद्ध लढताना मेलेले हे मोदेना परिसरातले तरुण-तरुणी. एप्रिल १९४५ मध्ये शहर मुक्त झाले, तेव्हा आप्तांनी आपापल्या माणसांची छायाचित्रे आणून इथे लावायला सुरुवात केली. सप्टेंबर २००७ मध्ये याच कॅथेड्रलमध्ये मोदेनाचा सुपुत्र, गायक लुचियानो पाव्हारोत्ती यांना अखेरचा निरोप दिला गेला.

बोलोन्याहून मोदेना रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. स्थानकापासून चौकापर्यंत चालत जाणेच सोयीचे. कॅथेड्रलमध्ये प्रवेश विनामूल्य आहे, मनोऱ्यासाठी तिकीट लागते. प्रार्थनेच्या वेळी आत फिरू नये. सकाळी तिरप्या उन्हात विलिजेल्मोची शिल्पे पाहायची म्हणून कोणी गेले, तर पश्चिमेकडे तोंड असलेल्या दर्शनी भिंतीवर सावली असते. तिच्यासाठी दुपारनंतरचे ऊन हवे. शेजारच्या संग्रहालयात कॅथेड्रलच्या छतावरची मूळ शिल्पे जवळून पाहता येतात: उलटी लटकलेली, अर्धी मासा अर्धी माणूस अशी चमत्कारिक शरीरे, जगाच्या कडेला राहणाऱ्या लोकांची मध्ययुगीन कल्पना.

३१ जानेवारी हा संत जेमिनियानोंचा दिवस. त्या दिवशी चौकाभोवतीच्या रस्त्यांवर जत्रा भरते आणि कॅथेड्रलच्या तळघरातली समाधी दर्शनासाठी उघडली जाते. थंडीत कानटोप्या काढून लोक रांगेने त्या पायऱ्या उतरतात, ११०६ मध्ये बारा नागरिकांनी ज्या पेटीवर पहारा ठेवला होता तिच्याजवळ क्षणभर थांबतात आणि दुसऱ्या बाजूने वर येतात.